अहवालावरची सही

रम्सीस रस्त्यावरच्या त्या अकरा मजली इमारतीला सगळं कैरो ‘पिंजरा’ म्हणायचं. दुपारचं ऊन अडवण्यासाठी तिच्या दर्शनी बाजूला काँक्रीटच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी केली होती, म्हणून. साठच्या दशकात ती एका विमा कंपनीसाठी बांधली. माझी थोरली बहीण लग्न होईपर्यंत तिथे सातव्या मजल्यावर टायपिस्ट होती, आणि लिफ्ट बंद पडली की साहेब लोकांची कशी दमछाक व्हायची याच्या गोष्टी आमच्याकडे जेवताना निघायच्या. पुढे कंपनी शहराबाहेर गेली, इमारत रिकामी पडली, आणि तिथे हॉटेल बांधू पाहणाऱ्या लोकांनी ती विकत घेतली. पण जतन करायच्या इमारतींच्या सरकारी यादीत तिचं नाव होतं. यादीतली इमारत पाडायची तर ती धोकादायक झाली आहे असं कुणीतरी लेखी द्यावं लागतं.

ते मी दिलं.

माझं नाव सौसन हलीम. बांधकामाचं साहित्य तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं इंजिनियर होते. इमारतीचं काँक्रीट तपासायचं म्हणजे खांबात, तुळईत, स्लॅबमध्ये गोल भोक पाडून मुठीएवढ्या जाडीचा नमुना काढायचा, तो मशीनमध्ये दाबायचा आणि किती दाबाला फुटतो ते लिहायचं. पिंजऱ्यातून मी पहिल्यांदा चौदा नमुने काढले. त्या काळच्या बांधकामात चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोचा आकडा आला तरी आम्ही खूश होतो. यातले बारा तीनशेच्या वर गेले. मशीनवरचा माणूस म्हणाला, हे काँक्रीट ज्यांनी केलं त्यांच्या हातांचे मुके घेतले पाहिजेत.

मी आकडे घेऊन आमचे संचालक डॉक्टर रऊफ यांच्याकडे गेले. त्यांनी ते पाहिले, चष्मा काढला आणि विचारलं, की नमुने योग्य जागचे घेतलेत ना? ओल कुठे आहे ते पाहिलं का? धोका असला तर तिथेच असणार. एवढंच बोलले. खोटं लिही असं ते म्हणाले नाहीत, आजवर कधीच म्हणाले नव्हते. माझा नवरा गेला तेव्हा मुलीला सांभाळायला घरी कुणी नव्हतं; वर्षभर ती शाळेतून थेट प्रयोगशाळेत यायची आणि डॉक्टरांच्या खोलीत बसून अभ्यास करायची. वर्षअखेरीला ते निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची मला मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. पण खुर्चीचं नाव पुढे करणंही एक पळवाटच आहे. खरं इतकंच, की नाही म्हणायला जो जोर लागतो तो त्या दिवशी माझ्यात नव्हता. गुरुवारची दुपार होती, दुसऱ्या दिवशी सुट्टी. मला घरी जायचं होतं.

पुढच्या आठवड्यात मी आणखी सहा नमुने काढले. तीन गच्चीवर पाण्याच्या टाकीखालचे, तीन तळघरात गटाराच्या भिंतीलगतचे. पन्नास-साठ वर्षं ओल खाल्लेली जागा ती. सहाच्या सहा भुसभुशीत निघाले. अहवाल त्या सहांवर लिहिला. आधीचे चौदा ‘प्राथमिक’ म्हणून फायलीबाहेर ठेवले. त्या अहवालात एकही आकडा खोटा नव्हता, आणि पुढे कितीतरी दिवस मी याच वाक्याच्या आधाराने झोपत होते. मात्र शेवटी मी एक ओळ घातली होती: ‘मूळ बांधकामाच्या वेळच्या मालाचा दर्जा शंकास्पद वाटतो.’ ती मला कुणीही लिहायला सांगितली नव्हती. अहवाल जरा भरीव दिसावा म्हणून मीच लिहिली.

परवानगी मिळाली. मग एका वर्तमानपत्राच्या हाती अहवाल लागला, आणि त्या ओळीची त्यांनी अर्धा पान बातमी केली. त्या काळी सिमेंट कसं पळवलं जायचं, वाळू कशी ओतली जायची, वगैरे. इमारतीच्या दारात संगमरवरी पाटी होती. तिच्यावर आराखडा करणाऱ्याचं नाव होतं आणि कामावर देखरेख करणाऱ्या इंजिनियरचं. पहिला केव्हाच वारला होता. दुसऱ्याचं नाव अदली शौकत. बातमीत ते नाव दोनदा आलं. तो माणूस जिवंत असेल असं माझ्या मनातही आलं नाही. मी पान उलटलं.

मार्चमध्ये पाडकाम सुरू झालं. रम्सीससारख्या रस्त्यावर स्फोट करता येत नाहीत. छोटी ब्रेकर मशीनं क्रेनने गच्चीवर चढवतात आणि ती एकेक मजला फोडत खाली येतात. ठेकेदाराने माझा अहवाल वाचून हिशोब केला होता, दहा दिवसांना एक मजला. सात आठवडे झाले तरी दोनच मजले उतरले होते. ब्रेकरच्या छिन्न्या बोथट होत होत्या, दोन तर सरळ मोडल्या. ठेकेदार रोज फोन करायला लागला, तेव्हा डॉक्टर रऊफ मला म्हणाले, जाऊन ये, बघ, दोन शब्द बोलून त्यांना शांत कर.

मे महिन्यातल्या एका सकाळी मी परांचीवरून नवव्या मजल्यावर चढले. मुकादम अबू दैफ दक्षिणेतल्या सोहागकडचा, उंच, कमरेला शाल गुंडाळलेला माणूस. त्याने माझ्या पुढ्यात मोडकी छिन्नी आणून ठेवली.

“इंजिनियरबाई,” तो म्हणाला, “तुमचा रिपोर्ट माणसांनी वाचला असंल. इमारतीनं काय वाचलेला न्हाई.”

बाकीचे गडी हसले. मीही हसले. तो पुढे सांगत राहिला, की तीस वर्षांत त्याने शंभरेक इमारती पाडल्या, आणि सडकी इमारत कशी असते ते त्याला वासावरून कळतं. सडक्या काँक्रीटमधून सळई दातासारखी हलून बाहेर येते. इथे मशीन बंद करून घणाने हात दुखेपर्यंत ठोकावं लागतं. जिने ही ठिकाणं तपासली तिला एकदा भेटायची माझी इच्छा आहे, असं तो म्हणाला. मीच ती, हे त्याला माहीत होतं. नाव कागदावर होतं. तो मला हसत हसत सोलत होता आणि ते त्याच्या गड्यांनाही कळत होतं.

मग त्याने खाली बोट दाखवलं. समोरच्या फूटपाथवर उसाच्या रसाचं दुकान आहे, तिथे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. महिना झाला, रोज नऊला येतो, दुपारपर्यंत बसतो, अबू दैफ म्हणाला. आधी वाटलं, घरी सून बसू देत नसेल. नंतर एकदा आला आणि म्हणाला मला वर नेता का. त्या वयाच्या माणसाला मी कुठं नेऊ? तुम्ही शिकलेल्या आहात, बघा काय म्हणतोय ते.

मी रस्ता ओलांडून गेले. हे मी का केलं, मला अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक अबू दैफच्या समोरून निघून जायला काहीतरी कारण हवं होतं.

म्हातारा इस्त्रीच्या शर्टात होता, दाढी नीट केलेली. माझं हेल्मेट पाहून तो उठायला लागला, मी बसा म्हटलं. त्याने माझ्यासाठी रस मागवला आणि विचारलं, मी तिथलीच का. हो म्हणाले.

“ह्या इमारतीचं काँक्रीट मी ओतलंय,” तो म्हणाला. “अदली शौकत माझं नाव. पेपरात वाचलं असशील.”

मी नाही म्हणाले. हे मात्र सरळ खोटं होतं.

तो सांगत गेला. पंचवीस वर्षांचा होता, पहिलं मोठं काम. वाळवंटातली खडी धुऊन घ्यायचा, हेलवानच्या कारखान्यातून सिमेंटच्या गाड्या आल्या की स्वतः उभा राहून पोती मोजायचा. स्लॅबवर ओली गोणपाटं टाकून ईदच्या दिवशीसुद्धा पाणी मारायला आला होता, नवी नवरी घरी वाट बघत असताना.

“निदान मला तसं आठवतं,” तो म्हणाला. “पण आता वाटतं, मला आठवतं ते खरं कशावरून? एवढी प्रयोगशाळा, मशीन लावून तपासते, लिहून देते की माल वाईट होता. मशीन कशाला खोटं बोलेल? म्हणजे माझ्या नाकाखालून कुणीतरी सिमेंट पळवलं असणार आणि मी बावळटासारखा पोती मोजत बसलो असणार.”

मी रसाचा ग्लास हातात धरून होते.

“रात्रंदिवस एकेकाचं नाव आठवतो,” तो म्हणाला. “गोदामावर सबरी होता. दोन वर्षं आम्ही एका ताटात जेवलो. त्याला जाऊन तीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी नंबर शोधून त्याच्या मुलीला फोन केला. विचारलं, त्या वर्षी तुमच्या घरी काही नवी मोठी वस्तू आली होती का गं. ती आनंदानं सांगायला लागली, की हो काका, फ्रिज आला होता, गल्लीतला पहिला. मग मी का विचारतोय ते तिला कळलं. तिनं फोन ठेवून दिला.”

त्याने खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. त्याची एकच विनंती होती. खालच्या मजल्यातल्या खांबाचा एक तुकडा त्याला हवा होता, एखाद्या दुसऱ्या प्रयोगशाळेत दाबून बघण्यासाठी. वाईट निघाला तर निघाला, म्हणाला, पण एकदा माझ्या डोळ्यांनी बघतो आणि मग बसतो गप्प. मी म्हणाले, मी व्यवस्था करते. त्याने माझा हात हातात घेतला आणि देव तुझं भलं करो म्हणाला. मी तो हात काढून घेतला नाही.

अबू दैफने पाचव्या मजल्यावरच्या खांबातून चांगलं घमेलंभर ढेकूळ कापून दिलं. का, कशाला, विचारलं नाही. शुक्रवारी प्रयोगशाळा बंद असते. मी एकटीने जाऊन त्यातून नमुना कापला, मशीनखाली ठेवला. तीनशे चाळीसला फुटला. खरं तर दाबून पाहायची गरजच नव्हती. आधीचे बारा आकडे माझ्याच अक्षरात, माझ्याच खणात पडलेले होते. पण तपासणी म्हटलं की खरं सांगायचा दिवस आणखी चार दिवस पुढे ढकलता येत होता. ते चार दिवस मी वापरले.

पाचव्या दिवशी मी शुब्राला त्याच्या घरी गेले. चौथ्या मजल्यावर एकटाच राहायचा. बायको वारलेली, मुलगा मोन्ट्रिअलला. त्याने स्वतः चहा केला. मी नव्या नमुन्याचा कागद त्याच्यापुढे ठेवला, त्याच्यावर जुन्या चौदांचा ठेवला, आणि त्याच्यावर माझा अहवाल. मग सगळं सांगितलं, ओलीच्या जागा, डॉक्टरांचं बोलणं, ती शेवटची ओळ. बोलताना मी टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत होते. त्यावर लिंबांची चित्रं होती.

अदलीसाहेबांनी तिन्ही कागद इंजिनियर वाचतो तसे वाचले, बोट आकड्यांवरून फिरवत.

“म्हणजे मी बरोबर होतो.”

“हो.”

“आणि सबरी?”

“तेही.”

त्यांनी तिन्ही कागद एकावर एक नीट रचले. मला वाटलं ओरडतील. मला ते हवंही होतं.

“अहवालाचं मी समजू शकतो,” शेवटी ते म्हणाले. “आम्हीही नोकऱ्या केल्यात. वरून दाब येतो, माणूस वाकतो. पण त्या दिवशी रसाच्या दुकानापाशी तू माझ्यासमोर बसली होतीस. मी तुला सबरीचं सांगितलं. तेव्हा तुझ्यावर कुणाचा दाब होता?”



ते उठून आतल्या खोलीत गेले आणि दहा मिनिटांनी कोट-टाय घालून बाहेर आले. “चल,” म्हणाले. कुठे ते मी विचारलं नाही. टॅक्सीत बसल्यावर त्यांनी ड्रायव्हरला इम्बाबा सांगितलं. नाईलवरच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या, अर्धा तास आम्ही एकमेकांशेजारी पुतळ्यासारखे बसून होतो.

सबरीची मुलगी कौसर शाळेतली निवृत्त मास्तरीण, साठी ओलांडलेली. दार उघडून तिने आधी त्यांना पाहिलं आणि तिचा चेहरा घट्ट झाला. तरी आत या म्हणाली. म्हाताऱ्या माणसाला दारातून परत पाठवायची तिची रीत नसावी. आम्ही सोफ्याच्या कडेला बसलो. मला वाटत होतं मीच आधी बोलणार. सुरुवात त्यांनी केली.

“कौसर, तुझ्या बापावर मी चोरीचा आळ घेतला,” ते म्हणाले. “तो चोर नव्हता. माझ्यावर कुणी आळ घेतला, तर मी तो उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. मेलेल्या माणसाच्या. तो उत्तर देणार नाही म्हणून.”

कौसर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“काका, फोन ठेवल्यावर मी काय केलं सांगू?” ती म्हणाली. “तुमच्यावर चिडायला पाहिजे होतं. मी बाबांवर चिडले. मनात म्हटलं, तरीच. फ्रिज आला होता, माझ्या पायात नवे बूट आले होते. तीन आठवडे त्यांच्या फोटोपुढून मान खाली घालून जायचे. मग फोटो काढून कपाटात ठेवला. परवा मावशीला विचारलं, ती म्हणाली, वेडी का तू, फ्रिज तुझ्या मामानं कुवेतहून पाठवला होता. तरी अजून फोटो लावलेला नाही. काय तोंडानं लावू?”

भिंतीवर त्या जागी फिकट चौकोन होता आणि वर खिळा. अदलीसाहेबांनी तिकडे पाहिलं आणि ते रडले. आवाज न करता, कोटाच्या बाहीने डोळे पुसत. कौसर उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, ह्या कोण? मी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही.

“तुम्हाला मुलं आहेत?” तिने विचारलं.

“एक मुलगी.”

“तिला सांगितलंत?”

“नाही.”

“मग तिला सांगायचं होतं आधी,” ती म्हणाली. “आमच्याकडे यायला काय, आम्ही परके.”

तिने चहा आणला. तीन पेले होते. माझा तिने माझ्या हातात न देता समोर ठेवला.

त्या संध्याकाळी मी मुलीला अलेक्झांड्रियाला फोन केला. सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, आई, तू जेवलीस का? आणि म्हणाली, ती उद्या मला फोन करेल. तिने तीन दिवसांनी केला.

पुढचं थोडक्यात. मी इंजिनियरांच्या संघटनेला चौदाही आकडे पाठवून पत्र लिहिलं, त्याची प्रत वर्तमानपत्राला. वर्तमानपत्राने ते आतल्या पानावर चार ओळींत छापलं, अदली शौकत हे नाव मात्र नीट, पूर्ण छापलं. चौकशीत डॉक्टर रऊफ म्हणाले, सौसनबाईंचा काहीतरी गैरसमज झाला असावा, मी फक्त ओल बघायला सांगितलं होतं. ते खरंच होतं. माझा परवाना दोन वर्षांसाठी काढून घेतला. मी राजीनामा आधीच दिला होता. पाडकाम थांबवावं असा अर्ज कुणीतरी केला, पण तो सुनावणीला आला तेव्हा तीन मजले उरले होते. आता वाचवायचं काय, असं अधिकाऱ्याने विचारलं आणि फाइल बंद झाली. ऑक्टोबरमध्ये ती जागा सपाट झाली. अबू दैफचा निरोप आला, की शेवटच्या खांबाने दोन दिवस घेतले, आणि त्या म्हाताऱ्या साहेबांना त्याचा सलाम सांगा. तो मी फोन करून पोचवला. अदलीसाहेबांनी आभार मानले, प्रकृती विचारली, आणि मी पुन्हा फोन करू नये हे न बोलता मला कळेल असं नीट, सभ्यपणे बोलून फोन ठेवला.

लोकांना वाटतं, मला त्या अहवालाची लाज वाटते. बहीण म्हणते, आता कबूल केलंस ना, सोड की. तिला मी एक गोष्ट सांगितलेली नाही. कौसरच्या घरी अदलीसाहेब माझ्याआधी बोलायला लागले, सगळा दोष अंगावर ओढून घ्यायला लागले, तेव्हा त्या सोफ्याच्या कडेला बसल्या बसल्या मला हायसं वाटलं होतं. वाटलं होतं, यांचंच ऐकून ती शांत झाली तर कदाचित माझ्यावर कबूल करायची वेळच येणार नाही.